गाणी आठवतात, पण कारदार आठवतात का?

माटुंग्यात पूर्वी सिनेमावाल्यांची बरीच बिऱ्हाडं होती. पृथ्वीराज कपूर आणि सहगल इथेच राहत, हे जुने माटुंगेकर अजूनही सांगतात. पण गाडीने दोनच स्टेशनं पुढे, परळला, ज्यांच्या स्टुडिओत सहगलांचा 'शाहजहाँ' तयार झाला, त्या जनाब अब्दुल रशीद कारदार यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. निर्मात्याचं असंच होतं. नट दिसतो, गायक ऐकू येतो. पैसा उभा करणारा, माणसं निवडणारा आणि महिनाअखेरीस पगार चुकवणारा मात्र पडद्यामागेच राहतो.

कारदारांचा जन्म 1904 चा, लाहोरचा. सुरुवातीला ते सुलेखन करत, सिनेमाची पोस्टरं तयार करत. 1928 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सुलेखनकार मित्र एम. इस्माईल यांनी घरातल्या चीजवस्तू विकून चित्रपट कंपनी काढली. पुढे कलकत्ता, मग मुंबई. इथे दुसऱ्यांच्या कंपन्यांत काही वर्षं काम केल्यावर त्यांनी परळला स्वतःचा स्टुडिओ उभा केला. 'शारदा' (1942) हा त्यांच्या स्वतःच्या कंपनीचा पहिला चित्रपट.

याच चित्रपटाला नौशाद अलींचं संगीत होतं. लखनौहून मुंबईत आलेल्या नौशादसाहेबांनी दादरच्या ब्रॉडवे थिएटरसमोरच्या फूटपाथवर रात्री काढल्या होत्या. कारदारांकडे त्यांना बांधलेलं काम मिळालं, एकामागून एक चित्रपट मिळाले. मोहम्मद रफींचा कोवळा आवाज त्यांनी 'पहले आप' (1944) मध्ये घेतला, तोही कारदारांचाच चित्रपट.

मजरूह सुलतानपुरी तर शिक्षणाने युनानी हकीम. 1945 मध्ये साबू सिद्दीक संस्थेतल्या मुशायऱ्यासाठी ते मुंबईत आले. कारदारांनी त्यांचा कलाम ऐकला आणि सिनेमासाठी लिहिण्याचा प्रस्ताव दिला. मजरूहसाहेबांनी नकार दिला. शेवटी जिगर मुरादाबादींनी समजावलं, की यात चार पैसे मिळतील आणि घर चालेल. मग 'शाहजहाँ' (1946) ची गाणी लिहिली गेली. पुढची पन्नासेक वर्षं त्यांची लेखणी थांबली नाही. शकील बदायुनी दिल्लीतली सरकारी नोकरी सोडून आले. त्यांना पहिली संधी दिली कारदारांच्या 'दर्द' (1947) ने. त्याच चित्रपटातल्या गाण्याने उमादेवी ही मुंबईत कोणी नातलग नसलेली मुलगी घराघरांत पोचली. तीच पुढे टुनटुन झाली.

फाळणीनंतर लाहोर परदेश झालं. कारदारांनी चित्रपट काढले ते मुंबईतच: 'दुलारी', 'दिल्लगी', 'दास्तान'. धंदा मात्र कोणाचाच कायम राहत नाही. 1966 चा 'दिल दिया दर्द लिया' दिलीपकुमार असूनही अपेक्षेइतका चालला नाही. 1989 मध्ये कारदारांचा इंतकाल झाला, तोवर त्यांचा जमाना कधीच सरला होता.

सिनेमाबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मतं आहेत, आणि ती असोत. आम्हाला या हकीकतीतून वेगळीच गोष्ट दिसते. कारदारांनी मुशायऱ्यात नुसती वाहवा केली नाही. त्यांनी शायराला काम दिलं आणि कामाचे पैसे दिले. आपल्याकडे हुन्नर कमी नाही. आमच्या वर्गातही सुरेख उर्दू लिहिणारी, भाषणाने सभागृह शांत करणारी मुलं-मुली आहेत. त्यांना आपण काय देतो? टाळ्या, फार तर एखादी ट्रॉफी. लग्नपत्रिका मात्र कॉम्प्युटरवरून छापून आणतो. जलशाचं सूत्रसंचालन एखाद्या शिकलेल्या मुलीकडून करवून घेतो आणि मानधन विचारलं तर आपल्यालाच वाईट वाटतं. मग हीच मुलं दहावी-बारावीनंतर लेखणी बाजूला ठेवतात, कारण घरात कमाईची गरज असते. मजरूहसाहेबांनाही तीच गरज होती.

प्रत्येकाला स्टुडिओ काढता येणार नाही. पण ज्यांचं दुकान आहे, छापखाना आहे, शाळा किंवा ट्रस्ट आहे, त्यांनी येत्या वर्षात निदान एका हुन्नरी मुलाला किंवा मुलीला रीतसर काम द्यावं, आणि ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी हातात ठेवावी.