किल्ली देवघराकडे सरकत नसते

शुक्रवार, १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. आपल्या घरच्या टीव्हीपर्यंत चित्र पोचवणारे भूस्थिर उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. म्हणजे हा साधारण ३४० मीटर व्यासाचा धोंडा त्यांच्याही अलीकडून जाईल. एवढा मोठा लघुग्रह इतक्या जवळून जाण्याचा योग हजारो वर्षांतून एखाद्या वेळी येतो. तो आपल्या हयातीत येतोय, तारीख आधीपासून ठाऊक आहे, आणि तरी या घटनेबद्दल जे बोललं जातं त्यात आनंद कमी आणि भीती जास्त असते. तारीख जवळ येईल तसा हा गोंगाट वाढेल, म्हणून आताच थोडं स्पष्ट बोलायला हवं.

“अपोफिस पृथ्वीवर आदळणार आहे”

नाही. २०२९ मध्ये नाही, आणि पुढची किमान शंभर वर्षं नाही.

ही भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे. अमेरिकेतल्या किट पीक वेधशाळेतून जून २००४ मध्ये हा लघुग्रह सापडला. त्याच वर्षी २७ डिसेंबरला २०२९ च्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली. जगाला ते फारसं कळलं नाही, कारण आदल्याच दिवशी हिंदी महासागरात त्सुनामी आली होती. त्याच दिवसांत मार्च २००४ मधल्या जुन्या छायाचित्रांत हा ठिपका सापडला, कक्षा नेमकी झाली आणि २०२९ ची टक्कर यादीतून गेली. मग २०३६ ची शंका उरली. ती २०१३ मध्ये मिटली. २०६८ ची शंका मार्च २०२१ मधल्या गोल्डस्टोनच्या रडार निरीक्षणांनी मिटवली. म्हणजे ज्या बातम्या आजही फिरतात, त्यातल्या शंका एकेक करून केव्हाच निकालात निघाल्या आहेत.

काहींना नावातच खोट दिसते. अपोफिस हा इजिप्तच्या पुराणातला, सूर्यदेव ‘रा’चा वैरी असलेला सर्प. वैज्ञानिकांना काहीतरी ठाऊक होतं म्हणूनच असं नाव ठेवलं, असा तर्क त्यावर केला जातो. हे नाव जुलै २००५ मध्ये दिलं गेलं. २०२९ ची टक्कर तोवर बाद झालेली होती.

“शक्यता वाढली, म्हणजे धोका वाढला”

माझ्या मते सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाची बातमी आठवत असेल. चिलीतल्या दुर्बिणीतून तो डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सापडला होता. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, मग १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झाली. संभाव्य पट्टा प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशियापर्यंत जात होता, म्हणून आपल्याकडच्या मथळ्यांत मुंबईचं नाव आलं. आठवडाभरात ती शक्यता जवळपास शून्यावर आली. तेव्हा अनेकांनी विचारलं, की वैज्ञानिक आधी चुकले होते की आता लपवताहेत?

दोन्ही नाही. समजा, दहा खोल्यांच्या जुन्या वाड्यात कपाटाची किल्ली हरवली आहे. ती देवघरात असण्याची शक्यता दहात एक. तुम्ही एकेक खोली धुंडाळत गेलात. पाच खोल्या रिकाम्या निघाल्या, की देवघराची शक्यता पाचात एक होते. आठ रिकाम्या निघाल्या, की दोनात एक. किल्ली काही देवघराकडे सरकत नसते. ती पहिल्यापासून जिथे आहे तिथेच आहे, आपलं अज्ञान तेवढं कमी होत जातं. आणि नवव्या खोलीत ती सापडली, की देवघराची शक्यता एका क्षणात शून्य होते.

लघुग्रहाचंही असंच. सुरुवातीला मोजकी निरीक्षणं हाती असतात, त्यामुळे काही वर्षांनी तो कुठे असेल याचा पट्टा लाखो किलोमीटर लांबीचा असतो आणि पृथ्वी त्या पट्ट्यातला एक छोटा ठिपका. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखडतो. पृथ्वी अजून पट्ट्यात असेल तर तिचा वाटा वाढलेला दिसतो. पट्ट्याचं टोक पृथ्वीच्या अलीकडे आलं, की आकडा कोसळतो. २००४ मध्ये अपोफिसचं हेच झालं आणि २०२५ मध्ये वायआर४ चंही. पुढच्या लघुग्रहाच्या वेळीही बहुधा हेच होईल, आणि तेव्हा चढत्या आकड्याची बातमी पहिल्या पानावर व उतरत्या आकड्याची आतल्या पानावर असेल. संपादकांनी दोन्हींना सारखी जागा द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

‘धोकादायक’ या शब्दानेही गोंधळ होतो. लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून सुमारे ७५ लाख किलोमीटरच्या आत येत असेल आणि तो साधारण १४० मीटरपेक्षा मोठा असेल, तर त्याची नोंद या वर्गात होते. ७५ लाख किलोमीटर म्हणजे चंद्राच्या अंतराच्या वीसपट. तो लक्ष ठेवण्यासाठी केलेला वर्ग आहे, त्यात भविष्यवाणी नाही.

“एवढा जवळून गेला, तर समुद्र खवळेल, भूकंप होतील”

भरती-ओहोटीचं बळ वस्तुमानावर आणि अंतराच्या घनावर ठरतं. चंद्र अपोफिसच्या साधारण एक लाख कोटी पट जड आहे. अपोफिस चंद्राच्या दहापट जवळ येईल हे धरलं, तरी त्याचा ओढा चंद्राच्या ओढ्याच्या अब्जाव्या हिश्शाच्या आसपास राहतो. मालवणच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला त्या रात्री भरतीत काही वेगळं जाणवणार नाही.

परिणाम होईल तो उलट्या दिशेने. पृथ्वीच्या ओढीने अपोफिसचीच कक्षा बदलेल. आज तो सूर्याभोवती एका वर्षापेक्षा कमी काळात फेरी मारतो. त्या रात्रीनंतर त्याला वर्षापेक्षा जास्त काळ लागेल. त्याची गिरकी बदलेल, कदाचित अंगावरची माती घसरेल. एखाद्या लघुग्रहावर ग्रहाचा हात फिरताना जवळून पाहण्याची ही संधी आहे. युरोपीय अंतराळ संस्थेची रामसेस मोहीम २०२८ मध्ये निघून फेब्रुवारी २०२९ मध्ये तिथे पोहोचावी, असा बेत आहे. बेनू लघुग्रहाची माती २०२३ मध्ये पृथ्वीवर टाकून पुढे गेलेलं नासाचं यान, नव्या नावाने, ‘ओसायरिस-एपेक्स’ म्हणून, अपोफिसचा माग घेत आहे. ही यानं त्याला फोडायला निघालेली नाहीत. एकाने ‘आधी’ पाहायचं, दुसऱ्याने ‘नंतर’.

“खरंच एखादा आला, तर माणूस काही करू शकत नाही”

२६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने डिमॉर्फोस या साधारण १६० मीटरच्या धोंड्यावर मुद्दाम आदळवलं गेलं. डिमॉर्फोस आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता. त्याची फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. दिशा थोडी ढळवता येते, हे सिद्ध झालं. अट एकच : वेळ हाती हवा. दहा-वीस वर्षं आधी दिलेला हलका धक्का पुरतो.

म्हणून खरी काळजी न सापडलेल्यांची आहे. एक किलोमीटरहून मोठे, पृथ्वीच्या आसपास फिरणारे बहुतेक सगळे लघुग्रह नोंदले गेले आहेत. १४० मीटरच्या वरचे अजून निम्मेही नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला धोंडा जेमतेम २० मीटरचा होता. तो सूर्याच्या दिशेने आला, म्हणून कुणालाच दिसला नाही, आणि खिडक्यांच्या काचा फुटून सुमारे १५०० माणसं जखमी झाली.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर, १.८ किलोमीटर व्यासाचं, अशाच आघाताने बेसॉल्टच्या कातळात कोरलं गेलं, आणि तो धोंडा अपोफिसपेक्षा कितीतरी लहान होता. गावाने त्याची कथा लवणासुराच्या वधाशी जोडली, भूवैज्ञानिकांनी बराच काळ त्याला ज्वालामुखीचं तोंड मानलं. त्याचं वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं काढलं गेलं होतं. पुढे आर्गॉनच्या कसोटीने ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास आलं. इथेही मोजमाप सुधारलं तसं उत्तर बदललं. ते बदललं म्हणून विवर खोटं ठरलं नाही.

“त्या रात्री आकाशात आगीचा गोळा दिसेल”

गोळाही नाही आणि शेपटीही नाही. वातावरणात शिरून पेटते ती उल्का, जमिनीवर पोचतो तो अशनी. अपोफिस वातावरणाला शिवणारच नाही. उन्हाने उजळलेला एक ठिपका ताऱ्यांमधून हळूहळू सरकताना दिसेल, इतकंच. युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी उत्तम दिसेल. तो सर्वांत जवळ असेल तेव्हा आपल्या घड्याळात १४ एप्रिलच्या पहाटेचे सव्वातीन झालेले असतील, आंबेडकर जयंतीचा दिवस उजाडायच्या आधी.

तो केवढा तेजस्वी असेल, हे आजही पाहता येतं. एप्रिलच्या रात्री नऊ-दहाच्या सुमाराला मुलांना घेऊन गच्चीवर जा. उत्तरेला उंचावर सप्तर्षी असतात. चौकोन आणि शेपटी जिथे जुळतात, तिथला सातांतला सर्वांत मंद तारा म्हणजे अत्री. तो मुलांना दाखवा आणि सांगा, की २०२९ चा पाहुणा ऐन भरात साधारण एवढाच दिसणार आहे.