पोर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

भात झोडून झाले, दिवाळी सरली, की किन्हवलीच्या आजूबाजूचे पाडे ओस पडू लागतात. कातकरी कुटुंबे बोचकी बांधून भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. उचल आधीच घेतलेली असते. ती अंगमेहनतीने फेडायची असते. पावसाच्या तोंडावर माणसे परत येतात. पण या सहा-सात महिन्यांत पोरांचे काय होते?

कसारा घाट चढून वर गेले की इगतपुरी तालुका लागतो. 2022 साली तिथे एक गोष्ट उघडकीस आली. कातकरी घरांतली लहान लहान पोरे मेंढ्या चारायला परक्या माणसांकडे दिलेली होती. मोल काय? थोडे रुपये आणि कुठे एखादी मेंढी. पोरे दूरच्या माळावर. तिथे ना आई, ना शाळा. दहा वर्षांच्या एका मुलीला मरणाच्या दारात असताना आईबापांच्या झोपडीपाशी आणून टाकले. ती वाचली नाही. मग बोभाटा झाला. पोलीस हलले, आणि बाकीच्या पोरांचा शोध सुरू झाला.

हे वाचून कोणी म्हणेल, कसले हे आईबाप! आम्ही तसे म्हणणार नाही. घरात दाणा नाही, डोक्यावर देणे आहे, आणि समोरचा गोड बोलतो, "पोर दोन वेळ जेवेल, वर्षाने मेंढी मिळेल." अडलेल्या माणसाला ते खरे वाटते. सगळेच मेंढपाळ वाईट असतात असेही नाही. पण परक्याच्या हाती एकटे पडलेले पोर मार खाल्ला तरी सांगणार कोणाला?

आपल्या ठाणे जिल्ह्याला ही रीत नवी नाही. पूर्वी गरीब माणूस लग्नासाठी सावकाराकडून पैसे काढी आणि त्यापायी बायकोसह त्याच्या घरी राबे. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज काही फिटत नसे. 1976 साली वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. त्या कायद्याने असले कर्ज रद्द होते. नीट ध्यानात घ्या. पोर ठेवून पैसे घेतले असतील, तर ते फेडल्याशिवाय पोर मिळणार नाही, असे कोणालाही म्हणता येत नाही. अंगठा दिला असला तरी नाही. सरळ तहसीलदाराकडे जावे. शहापूरच्यांनी शहापूरला, मुरबाडच्यांनी मुरबाडला. शिवाय चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे हाच मुळी गुन्हा आहे.

आता घरातली गोष्ट. मुलाचा छळ परकाच करतो असे नाही. दारू पिऊन आलेला बाप करतो. चिडलेली आई करते. आणि मास्तरही करतात. आम्हीच हातात छडी घेऊन बरीच वर्षे काढली. एक मुलगा रोज उशिरा येई. एकदा त्याला फार मारले. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. पुढे कळले, आई लाकडे आणायला डोंगरात जाई, आणि ती परत येईपर्यंत तो धाकट्या बहिणीला सांभाळत बसे. आम्ही एका शब्दाने विचारले असते तर ते तेव्हाच कळले असते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला बंदी केली. आमच्या वेळी तो कायदा नव्हता, पण तोंड तर होते!

आणखी एक गोष्ट आहे. ती बोलायला जीभ अडखळते, पण बोललेच पाहिजे. मुलीच्या किंवा मुलाच्या अंगाला कोणी वाईट हेतूने हात लावतो. हा माणूस बहुधा ओळखीचाच असतो. नात्यातला, शेजारचा, खाऊ देणारा. मूल घाबरते. जेवत नाही, झोपेत दचकते, एखाद्याच्या घरी जायला नको म्हणते. अशा वेळी रागावू नका. जवळ घ्या, आणि ते सांगेल ते ऐका. "तू तिथे गेलीसच कशाला?" हा प्रश्न विचारू नका. चूक मुलाची नसते.

पुष्कळ घरी प्रकरण दाबतात. गावात बसून दंड ठरवतात. तसे करू नका. 2012 साली मुलांच्या रक्षणासाठी 'पोक्सो' नावाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला तो लागू आहे, मुलांनाही आणि मुलींनाही. असा गुन्हा माहीत असून कळवला नाही, तर न कळवणाराही गुन्हेगार ठरतो. लोक अब्रूला भितात, म्हणून सांगतो. मुलाचे नाव छापायला मनाई आहे. जबाब घरीही घेता येतो, आणि तो घेताना पोलिसाने गणवेश घालायचा नसतो. मुलीला डॉक्टरबाई तपासतात. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. किन्हवलीला पोलीस ठाणे आहे. जाताना एक करा. दवाखान्यात नेण्याआधी मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. त्यावर पुरावा असतो.

पण नुसत्या कायद्याने भागत नाही. घराला आधार लागतो. बाप वारला, आई एकटी पडली, तर पोर कामाला धाडण्याआधी बालसंगोपन योजनेची चौकशी करा. 2023 पासून त्यात मुलामागे महिन्याला 2250 रुपये ठरले आहेत. अंगणवाडीच्या बाई कोणाकडे जायचे ते सांगतील. भट्टीवर जाणे टळत नसेल, तर मास्तरांकडून मुलाचे शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवले की तिकडच्या शाळेत नाव घालता येते. विधायक संसद या संस्थेने तर वीटभट्टीवरच शाळा काढल्या होत्या. भट्टीवरच्या खोपटाला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगाशाळा. शाळा पोरांकडे चालत गेली. आजी-आजोबा गावात राहणार असतील, तर पोर त्यांच्याजवळ ठेवणे सर्वांत बरे.

ग्राम बाल संरक्षण समिती म्हणून गावात एक समिती असायची असते. तुमच्या गावात आहे का? ग्रामसभेत उभे राहून विचारा. नुसती कागदावर असेल तर तिला कामाला लावा. दिवाळीनंतर कोणत्या घरातली किती पोरे गेली, कोणाबरोबर गेली, ते तिने वहीत लिहावे. पावसाळ्यात ती वही पुन्हा उघडावी. एखादे पोर परत आले नसेल, तर आईबापांना विचारावे. तेही गप्प बसले, तर पुढे कळवावे.

कळवायला एक फोन आहे, 1098. पैसे पडत नाहीत. रात्रंदिवस चालतो. मुलानेही करावा, शेजाऱ्यानेही करावा. तुम्हाला आता आकडे लिहिता येतात. दाराच्या आतल्या बाजूला, पोराच्या नजरेला येईल इतक्या उंचीवर, कोळशाने लिहून ठेवा. आणि त्याच्याकडून म्हणून घ्या : एक, शून्य, नऊ, आठ.