ओंडक्याचं स्टूल, पोफळीचं बाकडं

फर्निचर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शोरूम येते, हप्ते येतात. आणि ओंडका म्हटलं की चूल नाहीतर पाणी तापवायचा बंब! या दोन्हींचा काही संबंध आहे हे आपण विसरूनच गेलो. आजीच्या घरातलं उखळ, पाट, पडवीतलं बाकडं सगळं ओंडक्यातूनच तर निघालं होतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरूडपासून खाली दापोली-मंडणगडपर्यंत आंबे, फणस, नारळ, पोफळी आडव्या झाल्या. छपरं उडालेल्या घरांत पाऊस शिरला आणि प्लायवूडची कपाटं-टेबलं फुगून त्यांचे पापुद्रे निघाले. घरात बसायला धड काही नाही, अंगणात मात्र लाकडाचा ढीग! पडलेलं झाड म्हणजे जळण, हा आपला हिशेब. व्यापारी यायचे आणि मिळेल त्या भावात ट्रक भरून न्यायचे. गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजीबाईंना जमिनीवर बसवत नव्हतं, उठवत नव्हतं. तेव्हा आमच्या महिला मंडळातल्या काही जणींनी ठरवलं, निदान थोडं लाकूड तरी राखून ठेवायचं. “आता बायका रंधा मारणार का?” हे ऐकून घ्यावं लागलंच. घेतलं!

गावातल्या सुतारकाकांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, “वहिनी, घाई असेल तर प्लॅस्टिकची खुर्ची आणा.” खरंच, या कामात पैसे कमी लागतात, पण वाट भरपूर बघावी लागते. ओलं लाकूड वाळताना आकसतं. गाभ्याकडून सालीकडे ते कमी आकसतं आणि वर्तुळांच्या दिशेनं जवळजवळ दुप्पट. म्हणून अख्ख्या गोल ओंडक्याला हमखास चीर जाते. त्यावर उपाय म्हणजे ओंडका उभा अर्धा चिरून घ्यायचा, साल काढायची (किडे सालीखालीच घर करतात) आणि दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट नाहीतर मेण फासायचं. मग विटांवर, वारा लागेल असा, सावलीत ठेवून द्यायचा. उन्हात मुळीच नाही. जाडीच्या एका इंचाला साधारण एक वर्ष, हा सुतारांचा जुना हिशेब. फांद्या त्यामानानं लवकर वाळतात. वाळलं की नाही हे ओळखायची साधी युक्ती आहे. त्याच लाकडाचा एक तुकडा दर महिन्याला काट्यावर ठेवायचा. वजन उतरायचं थांबलं की समजावं.

आंब्याचं लाकूड करवतीला सोपं, पण त्याला भुंगा फार लवकर लागतो. पिठासारखा भुसा खाली पडलेला दिसला की तो आत शिरलाच म्हणायचा. म्हणून लाकूड ओलं असतानाच टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं दोन हात द्यावेत. फणसाचं लाकूड पिवळंधमक आणि टिकाऊ, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. ते मिळालं तर सोडू नका. पोफळीचं खोड बाहेरून कठीण, आत भुसभुशीत. ते उभं फोडून आतला भुगा खरवडला की बाकड्यासाठी छान पट्ट्या मिळतात. देशावरच्या मैत्रिणींना बाभूळ आहेच. पूर्वी बैलगाडीची चाकं तिचीच होत. ती पुरती वाळली की पटाशीला दाद देत नाही, म्हणून भोकं आधीच पाडून घ्यावीत.

आता स्टूल. बैठकीला अर्धा चिरलेला ओंडका, सपाट बाजू वर. पायांना मनगटाएवढ्या सरळ फांद्या. खालच्या बाजूनं गिरमिटानं सव्वा इंचाची भोकं आरपार पाडायची, पण पाय बाहेरच्या अंगाला फाकतील अशी तिरकी. पाय अगदी कडकडीत वाळलेले हवेत, बैठकीत मात्र किंचित ओल चालते. नंतर बैठक आकसते आणि पायांना घट्ट धरून ठेवते. खिळा नाही, फेविकॉल नाही! वर आलेल्या टोकात खाच करून पाचर ठोकायची, ती बैठकीच्या रेषांना आडवी. रेषांच्या दिशेनं ठोकली तर बैठकच उकलते.

तीन पायांचं स्टूल शेणानं सारवलेल्या उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला ते देऊ नये. कडेवर हात रेटून उठताना ते कलंडतं. त्यांच्यासाठी चार पाय आणि सोळा ते अठरा इंच उंची, म्हणजे पावलं जमिनीला टेकतात आणि उठताना गुडघ्यांवर ताण कमी येतो. करवत, गिरमिट, पटाशी, कानस एवढी हत्यारं चार घरांत मिळून पुरतात.

शहरातल्या मैत्रिणींनी वखारीत चक्कर मारावी. तिथे जळाऊ लाकूड वजनावर मिळतं. मात्र स्टुलासाठी दारातलं झाड तोडायला निघू नका. शहरात १९७५ च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गावाकडेही आंबा, फणस, साग, जांभूळ, चिंच ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, अगदी आपल्या मालकीच्या जागेत असली तरी. रस्त्याकडेचं पडलेलं झाडही विचारल्याशिवाय उचलायचं नाही.

शेवटी काचकागद मारून जवसाच्या तेलाचा हात द्यायचा. तेल पातळ लावून जास्तीचं पुसून काढायचं, नाहीतर महिनाभर चिकट राहतं. आणि ते तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळे पसरून वाळवावेत आणि मगच टाकावेत. तेलाचा पुढचा हात दिवाळीच्या साफसफाईत दिला तरी चालतो.