शाब्दिक विधानांचे बैजिक रूपांतर

नेहमीच्या भाषेत सांगितलेला राशींमधील संबंध संख्या, अक्षरे व क्रियाचिन्हे यांच्या साहाय्याने मांडण्याची कृती. ‘एका संख्येच्या दुपटीत ५ मिळवा’ या वाक्यातील अज्ञात संख्येसाठी क्ष हे अक्षर घेतल्यास २क्ष + ५ ही पदावली मिळते. पदावली हे केवळ राशीचे वर्णन होय; ‘ही बेरीज १७ आहे’ असे पुढे सांगितले म्हणजेच २क्ष + ५ = १७ हे समीकरण तयार होते व क्ष = ६ हे उत्तर निघते. समीकरण सोडविण्याचे नियम ठरलेले आहेत [→ बीजगणित]. रूपांतरास मात्र असा यांत्रिक नियम नाही, कारण तेथे प्रथम वाक्याचा अर्थ लावावा लागतो.

भारतीय गणितात ही कृती पुरातन आहे. ब्रह्मगुप्त (सातवे शतक) यांच्या ग्रंथात अज्ञात राशींना वर्णांची म्हणजे रंगांची नावे दिलेली आढळतात. भास्कराचार्य (१११४–८५) यांच्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीस यावत्‌तावत् (जितके असेल तितके) व त्यापुढील राशींस कालक, नीलक, पीतक अशी नावे असून लिहिताना या, का, नी, पी ही आद्याक्षरे योजिली आहेत. ज्ञात संख्येपूर्वी रू (रूप) हे अक्षर व ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. त्यांच्या एका उदाहरणात एका मनुष्याजवळ ३०० रूपे व ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किंमतीचे १० घोडे असून त्यास १०० रूपे कर्ज आहे. दोघांची मत्ता सारखीच आहे. पहिल्याची मत्ता ‘या ६ रू ३००’ व दुसऱ्याची ‘या १० रू १००’ (येथे १०० वर टिंब) अशी एकाखाली एक मांडली जाते. आजच्या रीतीने ६क्ष + ३०० = १०क्ष – १०० असे लिहिता येते व घोड्याची किंमत १०० रूपे येते. कर्ज व वजा संख्या या दोहोंस ऋण हा एकच शब्द असल्याने हे रूपांतर भाषेनेच निम्मे करून ठेवले आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा उल्लेख चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात आहे.

मराठी वाक्यरचनेत विभक्तिप्रत्ययांवर सर्व अर्थ अवलंबून असतो. ‘क्षपेक्षा १० ने कमी’ म्हणजे क्ष – १०; परंतु ‘१० पेक्षा क्षने कमी’ म्हणजे १० – क्ष. ‘५ ने वाढली’ हे बेरीज दर्शविते, तर ‘५ पट झाली’ हे गुणाकार. ‘५ पटीने वाढली’ हा प्रयोग मात्र संदिग्ध आहे. त्याचा अर्थ कोणी ५क्ष, तर कोणी ६क्ष असा घेतात. गणिती लेखनात तो टाळणेच इष्ट. अपूर्णांकवाचक शब्द तर विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. सव्वापाच म्हणजे ५ + १/४. पण पाचाची सव्वापट म्हणजे ५ × ५/४, अर्थात सव्वासहा. सव्वाशे म्हणजे मात्र १०० + १/४ नसून शंभराची सव्वापट, १२५ होत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व औटकी पाठ केलेल्या जुन्या पिढीस हा भेद सहज उमगे. क्षची दीडपट म्हणजे ३क्ष/२ हे मात्र त्या पाठांतरात कोठेही लिहिलेले नसे.

वाक्यातील शब्दांचा क्रम तसाच उतरविण्याची प्रवृत्ती ही सर्वांत चिवट चूक होय. ‘विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट आहेत’ हे विधान अमेरिकेत १९८० च्या सुमारास अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना दिले असता एक-तृतीयांशाहून अधिक जणांनी ते चुकीचे मांडले; ६व = प असे उलटे समीकरण ही त्यांतील नेहमीची चूक होती. योग्य समीकरण व = ६प हे आहे. अशा वेळी व हे अक्षर विद्यार्थ्यांचे नाव नसून त्यांची संख्या आहे याचा विसर पडतो.

रूपांतरातील चूक परीक्षेपुरतीच राहते असे नाही. लातूर जिल्ह्यातील किल्लारी (ता. औसा) परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाचे परिमाण ६·२ ते ६·४ इतके मोजले गेले. तत्पूर्वी १९९२ च्या ऑगस्टपासून तेथे लहान धक्के जाणवत होते व त्यांतील मोठ्याचे परिमाण ४ च्या आसपास होते. सामान्य वाचक ४·२ व ६·२ यांची तुलना भागाकाराने करतो व दुसरा धक्का सु. दीडपट मोठा मानतो. मूळ विधान असे : परिमाण १ ने वाढले की (अंतर तेच असता) नोंदलेला कंपविस्तार १० पट होतो. पहिला विस्तार अ असल्यास परिमाण न ने वाढल्यावर विस्तार अ + १०न नव्हे, अ × १०न ही नव्हे, तर अ गुणिले १० चा न वा घात इतका होतो. न = २ घेतल्यास तो १०० पट भरतो. ऊर्जा दर एककास सु. ३२ पट वाढते. म्हणून २ च्या फरकास ती सु. १,००० पट होते. ‘ने’ व ‘पट’ एकाच वाक्यात येतात, हेच या गैरसमजाचे मूळ दिसते. या भूकंपात आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्युमुखी पडली.

नंतरच्या पुनर्वसनातही शब्दांचे असेच रूपांतर आवश्यक होते. स्थलांतरित गावांत घराचे क्षेत्र जमीनधारणेवरून ठरविण्यात आले : भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौ. फुट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४०० व ७ हेक्टरांहून अधिक असणाऱ्यांना ७५०. धारणा ह मानल्यास ‘पर्यंत’ याचे रूप ह ≤ १ असे होते, तर ‘हून अधिक’ याचे ह > ७. ‘१ ते ७’ या शब्दांवरून मात्र १ हा अंक आत की बाहेर हे समजत नाही. १ < ह ≤ ७ असे लिहिले तरच नेमका १ हेक्टरचा खातेदार पहिल्या वर्गात पडतो. तीन वर्गांतील कुटुंबांची संख्या अनुक्रमे अ, ब, क असल्यास गावासाठी बांधावयाचे एकूण क्षेत्र २५०अ + ४००ब + ७५०क चौ. फुट येते.