धान्य वर्ज्य केल्यावर ताटात काय उरते

रोजच्या आहारातून साखर आणि धान्य वर्ज्य करण्याचा सल्ला अलीकडे वारंवार दिला जात असला, तरी धान्याविना जाणारा दिवस महाराष्ट्राला अपरिचित नाही. एकादशीला आणि महाशिवरात्रीला गहू, ज्वारी, तांदूळ व डाळी बाजूला ठेवण्याची रीत येथे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. या रीतीचा धार्मिक अर्थ निराळा. परंतु आहारशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास धान्य सोडणे आणि स्टार्च, म्हणजे पिष्ट, सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उपवासाच्या फराळावरून फार स्पष्ट होते. साबुदाणा हा टॅपिओका नावाच्या कंदातील पिष्टापासून, भारतात मुख्यतः तमिळनाडूतील सेलम परिसरात, तयार होतो आणि त्याच्या 100 ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नसते. उलट तेवढ्याच ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिन आणि चांगल्या प्रमाणात तंतुमय भाग असतो. म्हणजेच भाकरीऐवजी खिचडी खाणाऱ्याने धान्य सोडलेले असते, पिष्ट मात्र वाढवलेले असते. वरीचे तांदूळ उपवासाला चालत असले तरी वनस्पतिशास्त्रानुसार ते गवतकुळातील धान्यच होय, तर राजगिरा त्या कुळातला नसून प्रथिनांच्या बाबतीत गव्हाच्याही पुढे आहे.

पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य रेणूंची साखळी असून पचनात ती तुटते व ग्लुकोज रक्तात उतरते. साखरेच्या रेणूत ग्लुकोजला फ्रुक्टोजची जोड असते. दोन्हींचे सेवन घटले की शरीर प्रथम यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचा राखीव साठा, वापरू लागते, आणि या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेले असल्याने पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणाऱ्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा असतो. ही गोष्ट आधीच नीट सांगितली जात नाही, म्हणून पुढे वजन उतरण्याचा वेग मंदावताच अनेकांचा धीर सुटतो.

या संदर्भात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्यात 609 प्रौढांपैकी काहींना कमी कर्बोदकांचा, म्हणजे पिष्ट व साखर कमी असलेला, तर इतरांना कमी स्निग्धांशाचा आहार बारा महिने देण्यात आला, आणि वर्षअखेरीस दोन्ही गटांच्या वजनघटीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र वरून घातलेली साखर व मैद्यासारखी शुद्ध केलेली पिठे टाळून भरपूर भाज्या खाव्यात, ही सूचना दोन्ही गटांना सारखीच होती.

त्यामुळे साखर आणि धान्य यांना एकाच पंक्तीत बसवणे योग्य नाही. साखर उष्मांकांखेरीज काही देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये मुक्त साखरेची, म्हणजे वरून घातलेल्या तसेच मध व फळांच्या रसातील साखरेची, मर्यादा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी ठेवण्यास सांगितले असून 2000 उष्मांकांच्या आहारात ती सुमारे 50 ग्रॅम होते, आणि दिवसभराचा चहा, बिस्किटे व एखादा गोड पदार्थ मिळून ती सहज ओलांडली जाते. साखरेऐवजी गूळ घेतल्याने हा हिशेब फारसा बदलत नाही. धान्याचे तसे नाही. शाकाहारी घरात प्रथिनांचा मोठा वाटा धान्यातूनच येतो. त्यात कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल डाळीतून मिळते, म्हणूनच वरण-भात किंवा पिठले-भाकरी ही जोडी पोषणाच्या दृष्टीने पक्की ठरते. नाचणी सोडली, तर कॅल्शियमचा एक उत्तम स्रोतही हातचा जातो.

धान्य कमीच करायचे असेल, तर तीन पोळ्यांची एक करताना ताटात उसळ, मुगाची धिरडी, पनीर, अंडी किंवा मासळी आणि पालेभाजी त्या प्रमाणात वाढली पाहिजे. रिकामी झालेली जागा बटाटा, रताळे व साबुदाणा यांनी भरल्यास मूळ हेतूच हरवतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा शरीरातील इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी असा बदल करण्यापूर्वीच औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे अत्यावश्यक आहे, कारण जेवणातले पिष्ट घटले आणि मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.