वर की खाली?

१९७६ साली उद्योगांसाठी वसवलेल्या नोएडात आज हजारो हात दोन कामांत गुंतलेले दिसतात. एक, तयार कपडे शिवून देशोदेशी पाठवणं. दुसरं, सॉफ्टवेअर लिहिणं. उत्तर प्रदेशाच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत गौतम बुद्ध नगर जिल्ह्याच्या नावापुढे तयार कपडेच लिहिलेले आहेत, आणि आयटी कंपन्यांच्या इमारती तर एक्स्प्रेसवेवरूनच दिसतात. शिलाई मशीन आणि संगणक यांचं एकमेकांशी काही नातं असेल असं वाटत नाही. पण टेबलावर मावणारा एखादा हातमाग घरी आणावा, आणि फ्लॅटच्या त्या कोपऱ्यात दोघांचं मूळ सापडतं.

या छोट्या मागाचं हृदय म्हणजे त्याची फणी. फणीत उभ्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या मधे लांब खाच आणि प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक छिद्र. उभे धागे, म्हणजे ताणा, ओवताना एक खाचेतून घ्यायचा, पुढचा छिद्रातून. फणी उचलली की छिद्रातले धागे तिच्याबरोबर वर जातात, खाचेतले जागेवरच राहतात आणि दोहोंमधे फट पडते. त्या फटीतून आडव्या धाग्याचा, म्हणजे बाण्याचा, धोटा पलीकडे सरकवायचा आणि फणीनेच तो धागा ठोकून बसवायचा. फणी खाली दाबली की छिद्रातले धागे खाली जातात, दुसरी फट पडते आणि धोटा परत येतो. एवढंच. यात गाठ नाही, डिंक नाही. हजारो ठिकाणी धाग्यावर धागा घासतो आणि त्या घर्षणाच्या बळावर कापड एकसंध राहतं. अंगावरच्या सुती सदऱ्याचं रहस्य हेच आहे, हे हातांना कळतं तेव्हा मन थक्क होतं.

मग माग आपल्याला शिकवू लागतो. बाणा सरळ ताणून घातला तर कापडाचा पन्हा हळूहळू अरुंद होत जातो. बाण्यालाही प्रत्येक ताण्याच्या वरून-खालून वळसा घ्यायचा असतो, त्यामुळे त्याची वाट पन्ह्याहून लांब असते. म्हणून तो आधी तिरका, सैल टाकायचा आणि मग ठोकायचा. हवासुद्धा शिकवते. सुती धागा ओलाव्याने अधिक बळकट होतो आणि कोरडा पडला की लवकर तुटतो. ढाक्याच्या मलमलीचं तलम सूत पहाटेच्या दमट हवेत कातलं जाई, ते यामुळेच. नोएडात मे महिन्यात लू वाहू लागली की ताणा तुटायला लागतो आणि पाण्याचा कूलर सुरू केलेल्या खोलीत तोच ताणा बराच समजूतदार होतो. या दिवसांत ताण्याला खळ देण्याची विणकरांची जुनी रीत किती शहाणपणाची आहे, हे उमगतं.

खरी गंमत पुढे आहे. ताणा आणि बाणा जिथे भेटतात तिथे निर्णय एकच असतो: ताणा वर की खाली? एकाआड एक वर-खाली केलं की साधी वीण होते. दोन वर, एक खाली अशी पायरी घेऊन ती प्रत्येक ओळीत एका धाग्याने पुढे सरकवत नेली की तिरप्या रेघा उमटतात. जीन्स जवळून पाहा, त्या रेघा तिथे आहेत. धागे लांबवर मोकळे तरंगू दिले की साटनची चमक येते. दहा उभे आणि दहा आडवे धागे घेतले तर शंभर ठिकाणी हा निर्णय घ्यावा लागतो. शक्य मांडण्यांची संख्या मग दोनाचा शंभरावा घात, म्हणजे एकावर तीस शून्यं यांहूनही मोठी. त्यातल्या सगळ्या कापड म्हणून टिकणार नाहीत. तरीही एका छोट्या चौकोनात एवढं विश्व मावतं.

मराठी घरांत या विश्वाची दोन टोकं नेहमीच एकत्र नांदली आहेत. येवल्याची किंवा पैठणची हातमागावरची पैठणी घ्या. पदरावरचा मोर विणकराच्या बोटांनी घडतो. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, असते आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवले जातात, म्हणून मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. दुसरं टोक म्हणजे सोलापुरी चादर. तिची नक्षी जॅकार्ड मागावर उमटते.

जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ शहरात या मागाची युक्ती सिद्ध केली. पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. एका ओळीसाठी एक कार्ड. पुढे त्यांचं एक चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्या चित्राची एक प्रत चार्ल्स बॅबेज यांनी जपून ठेवली होती आणि आपल्या नियोजित गणनयंत्राला सूचना देण्यासाठी त्यांनी अशीच कार्डं योजली. अडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये त्या यंत्राविषयी लिहिताना जॅकार्डच्या मागाचाच दाखला दिला. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत भोकांची कार्डं माणसं मोजू लागली आणि विसाव्या शतकात कित्येक वर्षं संगणकांना प्रोग्राम दिले गेले ते कार्डांवरूनच. आजच्या संगणकातला एक आणि शून्य आणि मागावरचा वर आणि खाली ही एकाच विचाराची दोन रूपं आहेत. आपल्या अंथरुणातल्या चादरीवर तो विचार उमटलेला आहे.

म्हणून मला वाटतं, विणकाम शिकायला नोएडासारखी जागा नाही. सूत हवं असेल तर पानिपत सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. मराठी मनात ते नाव १७६१ च्या युद्धाने कोरलेलं आहे, पण आजचं पानिपत हातमाग, गालिचे आणि जुन्या कपड्यांपासून नवं सूत काढणाऱ्या गिरण्यांचं गाव आहे. चादरींसाठी नावाजलेलं पिलखुवा त्याहून जवळ. देशभरच्या विणी पाहायच्या तर दिल्लीत प्रगती मैदानाशेजारी राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आहे. आणि विकतचा माग हवाच असंही नाही. जाड पुठ्ठ्याच्या दोन कडांना खाचा पाडा, सुतळीचा ताणा ओढा आणि शिंप्याकडच्या कातरणाच्या पट्ट्या बाणा म्हणून एकाआड एक घाला. छोटं बसकर तयार होईल.

मुलांनी हे करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शाळेच्या संगणककक्षात असा एक माग ठेवावा आणि पहिला प्रोग्राम मुलांनी त्यावर धाग्यांनी लिहावा. चुकलेली ओळ डोळ्यांना दिसेल, बोटांनी उसवता येईल, आणि कपडे शिवणाऱ्या आई-वडिलांचं काम व कोड लिहिणाऱ्या आई-वडिलांचं काम एकाच बाकावर शेजारी-शेजारी समजेल.