कैद्याचं नाव

युद्धात शत्रूच्या हाती सापडलेल्या सैनिकानं काय सांगायचं? नाव, हुद्दा, सैनिकी क्रमांक आणि जन्मतारीख. 1949च्या जिनिव्हा कराराप्रमाणे एवढंच. ही माहिती रेडक्रॉसमार्फत त्याच्या देशाला आणि घरच्यांना कळवायची असते. वरवर पाहता ही कारकुनी नोंद. पण नाव एकदा कागदावर आलं की माणूस गुपचूप नाहीसा करता येत नाही. पकडणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. उर्दूत ज्याला ‘अमानत’ म्हणतात, तसा तो कैदी परक्याची ठेव होतो.

हे नीट समजतं ते हवाई दलाच्या दिलीप परुळकरांच्या आठवणींतून. 10 डिसेंबर 1971 रोजी त्यांचं विमान पडलं आणि ते पाकिस्तानात कैद झाले. करारानुसार अधिकाऱ्यांना दरमहा 50 स्विस फ्रँकच्या मोलाची पाकिस्तानी रक्कम मिळायची. त्यातून पैसे साठवले, कोठडीची भिंत पोखरली आणि ऑगस्ट 1972 मध्ये एका रात्री परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे रावळपिंडीच्या छावणीतून निसटले. पेशावरमार्गे लंडीकोतलला पोचले. अफगाण सरहद्द सुमारे चार मैलांवर राहिली होती. तिथं त्यांनी लंडीखाना स्टेशनची वाट विचारली. नकाशावर ते होतं. प्रत्यक्षात इंग्रजांच्या काळातच बंद झालेलं! लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले.

फसलेल्या पलायनाला करारात शिस्तभंगाची शिक्षा आहे, तीसुद्धा जास्तीत जास्त तीस दिवस. पण ती युद्धकैद्याला. हे तिघे खोट्या नावांनी फिरत होते. पकडणाऱ्यांच्या लेखी ते कोणीच नव्हते, आणि कोणीच नसलेल्या माणसाचं काहीही होऊ शकतं. परुळकरांनी एका माणसाशी फोनवर बोलू द्या म्हटलं. तो माणूस म्हणजे त्यांच्या छावणीचे पूर्वीचे प्रमुख, स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद. हमीद यांनी ओळख पटवली आणि त्यांना इजा करू नका, असं बजावलं. शत्रूच्या गोटात आपलं खरं नाव जाणणारा एकजण होता, म्हणून जीव वाचला. 1 डिसेंबर 1972 रोजी हे सारे वाघा ओलांडून मायदेशी आले. परुळकरांचं 2025 मध्ये पुण्यात निधन झालं.

सगळ्यांच्या नशिबी असा फोन नव्हता. पहिल्या महायुद्धात, 29 एप्रिल 1916 रोजी इराकमधल्या कुट इथं सुमारे तेरा हजार सैनिक तुर्कांचे कैदी झाले. त्यांत 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. वाळवंटातली पायपीट, उपासमार, रेल्वेच्या कामावरची मजुरी यांत हजारो मेले. अधिकाऱ्यांनी पुढं पुस्तकं लिहिली. साध्या शिपायाची कैद बहुधा त्याच्याबरोबरच गेली. 1971च्या युद्धानंतर बेपत्ता राहिलेल्या 54 जणांची यादी भारताकडं आहे. ते आमच्या ताब्यात नाहीत, असं पाकिस्तान सांगत आलं. तिथल्या वहीत नाव नाही, एवढ्यावर त्या घरांची वाट पाहणं पिढ्यान्‌पिढ्या लांबलं.

म्हणून म्हाताऱ्या सैनिकाच्या आठवणी म्हणजे निव्वळ शौर्यकथा नव्हेत. तो सांगताना सोबत्यांची नावं घेतो; कोण कुठं पडला, कोण परतला नाही. आपल्या मुरबाड-शहापूरच्या गावांतही निवृत्त जवान आहेत. त्यांना पंधरा ऑगस्टला हार घालतो, तसं एखाद्या संध्याकाळी वही घेऊन शेजारी बसावं. लढाई कशी झाली, हे नंतर विचारा. आधी नावं लिहून घ्या.